गळाला लागली आजीबाई

मासळी पारखणं, साफ करणं, तळणं यात आपला हात कोण धरणार! पण तोच मासा पाण्यातून बाहेर कसा येतो, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय? हौसेखातर गळ टाकून मासे धरणं हा पुरुषांचा रविवारचा उद्योग, असंच आपण समजून बसलेल्या.

माझी मैत्रीण वागळे इस्टेटमधल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वीस वर्षं कॉइल वाइंडिंग करतेय. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. तांब्याची तार बोटांमधून सोडायची. सैल पडली तर वेटोळं बिघडतं, ताणली तर तार तुटते. गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघी अलिबागच्या वाटेवरच्या धरमतर खाडीत रॉड घेऊन गेलो, तेव्हा ही विद्या कामी आली.

दिवस ठरवताना कॅलेंडरमधली तिथी बघावी लागते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आम्ही द्वादशी धरली, म्हणजे साधारण नऊची भरती. (आदल्या दिवशी एकादशी, म्हणून एकीच्या सासूबाईही खूश!) पहाटे चारला ठाणं सोडलं, पनवेल, पेण, वडखळ मागे टाकून साडेसहाला होडीत. तयारी म्हणाल तर लांब बाह्यांचा कुर्ता, टोपी, लाइफ जॅकेट. ओढणी घरी ठेवा, गळ अडकतो. आणि निघण्याआधी होडीवाल्यांच्या घरी बाथरूमला जाऊन या. तीन-चार तास होडीत सोय नसते. ही गोष्ट पुरुष कधी सांगत नाहीत.

पहिले दोन मासे शिंगाळे निघाले. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि बाजूच्या परांना एकेक असे तीन काटे असतात. टोचला तर भयंकर ठणका लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि मग डॉक्टर गाठायचा. दादांनी पकडीने गळ काढून दोन्ही सोडून दिले.

सव्वाआठच्या सुमारास तिवरांच्या मुळांजवळ मैत्रिणीचा रॉड वाकला आणि रील कर्र करत फिरू लागलं. आम्ही ओरडतोय, "ओढ, ओढ!" दादा मात्र शांत. "ताय, खेचू नको. पलू दे त्याला." रीलला ड्रॅग नावाची चकती असते, माशाने किती जोर लावला की दोरा सुटायचा, ते तिच्यावर ठरतं. मैत्रिणीने ती बोटाने जरा सैल केली, मग जरा आवळली. कुणी शिकवलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी होडीला लागला तो जिताडा, हातभराहून चांगला लांब.

जिताडा म्हणजे खारेपाटाचा जीव. तिथे शेतालगतच्या तळ्यांत तो जपून वाढवतात आणि जावई आला की बाहेर काढतात. त्याची गंमत अशी, की तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मोठा जिताडा म्हणजे बहुतेक वेळा मादीच. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात ती लाखो अंडी घालते. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, आणि तीच धरून तळ्यांत सोडतात. (हेकरूचं बरोबर उलट, आधी मादी, मग नर!)

"म्हणजे ही आजीबाईच की," मैत्रीण म्हणाली. "सोडूया."

दादा काहीच बोलले नाहीत. आम्हाला महिन्याचा पगार आहे. त्या माशात त्यांचे दोन-तीन दिवस निघाले असते. दया दाखवायची आणि तिचा खर्च दुसऱ्याने सोसायचा, हे मला पटत नाही. मासा सोडायचा असेल तर होडीचं भाडं ठरवताना घासाघीस करू नये, आणि "मोठा मासा सोडणार" हे निघण्याआधीच बोलून घ्यावं. आम्ही ते सकाळीच बोललो होतो आणि त्याप्रमाणे पैसेही दिले होते, म्हणून तोंड वर करून बोलता आलं.

हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन तिला पाण्यात धरलं. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तिथे बोट घालायचं नाही. मिनिटभर ती तशीच राहिली. मग शेपटीचा एक फटका, आणि मैत्रिणीच्या चष्म्यावर खाडीचं पाणी!

दुपारी दादांच्या घरी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. वहिनींना सगळी हकिगत ऐकून हसू आवरेना. त्या चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या हाताने धरतात, बाजारात मासळी विकतात. पण नवऱ्याच्या होडीत बसून गळ कधी टाकलेला नाही. त्यांनी रॉड हातात घेतला, रील दोनदा फिरवून बघितलं.

"पुढच्या वेलेला मी पन येन," त्या म्हणाल्या. दादांनी भाकरीवरून मान वर केली नाही.