ब्रेकचा पाय जड होतो तेव्हा

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला आम्ही सहकुटुंब इंदूरहून ओंकारेश्वरास निघालो. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी; मागे आई आणि मुले. सिमरोळच्या पुढचा घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला, तो पायाखाली जणू दगडच आला. सारा भार टाकून, गाडी खालच्या गिअरात घालून ती कशीबशी थांबविली. आईने काही विचारले नाही. फक्त नातीचा हात घट्ट धरला. त्या दिवशीचे दर्शन आम्ही बसच्या गर्दीत उभे राहून घेतले.

ब्रेकला पायाइतकाच दुसरा एक साहाय्यक असतो, त्याचे नाव ब्रेक बूस्टर. पत्र्याच्या या गोल डब्यात रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा शोषून घेतलेली असते. ब्रेक दाबताच दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा शिरते आणि पडदा ढकलते. ९ इंच व्यासाच्या पडद्यावर हा जोर सुमारे २८० किलोपर्यंत जातो. पेट्रोलच्या इंजिनात हवेची वाट झडपेने अडविलेली असल्याने निर्वात आपोआप मिळतो. डिझेलच्या जुन्या इंजिनात ती अडवणूक नसते, म्हणून निराळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो.

पहिल्या कारागिराने काही न तपासता हा पंपच बदलला. पैसे गेले, पाय जडच राहिला. मग आम्ही एका वृद्ध उस्तादांकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी आम्हांसच गाडीत बसविले. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाचसहा वेळा दाबावयास सांगितला, म्हणजे साठलेला निर्वात संपतो. मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू केले. बूस्टर निरोगी असता तर पाय किंचित खाली गेला असता. तो हलला नाही. उलट पायापाशी हवेचा सूं सूं आवाज येऊ लागला.

पुढे त्यांनी बूस्टरची नळी काढून पंपास मापक लावला. काटा पाऱ्याच्या २५ इंचांवर गेला. नळी पुन्हा बूस्टरला जोडून पाहिली, तो काटा घसरला. नळी व तिच्यातील एकमार्गी झडप शाबूत होती. पंप निर्दोष ठरला. दोष पडद्याचा होता.

मास्टर सिलिंडरच्या दोन चाक्या सोडवून तो दूर करताच आतून ब्रेक ऑइल ओघळले. त्याच्या मागच्या सीलमधून झिरपलेल्या ऑइलने पडद्याचे रबर फुगून फाटले होते. आता आम्हांस आठवले, की चार महिन्यांत ऑइलची पातळी दोनदा उतरली होती. बाहेर कोठेच गळती दिसत नव्हती, म्हणून आम्ही नुसती भर घातली. ते गेले कोठे, हे विचारले नाही. घाटातले संकट आमच्याच आळसाने ओढवले होते.

त्यामुळे बूस्टरबरोबर मास्टर सिलिंडरही नवा घ्यावा लागला. नाहीतर नवा पडदाही त्याच वाटेने गेला असता. चाकांना दगड लावून, पॅडलची पिन आणि आतील चार चाक्या काढून जुना डबा बाहेर घेतला. नवा बसविण्यापूर्वी उस्तादांनी दोन्हींच्या दांड्यांची लांबी मोजून जुळविली. दांडी लांब राहिली तर ब्रेक घासत राहून तापतात. आखूड राहिली तर पाय फार खोल जातो. शेवटी चारी चाकांतून हवा काढली आणि गाडी प्रथम मोकळ्या मैदानात चालवून पाहिली.

वाचकांनी हे काम घरी करावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु इंजिन बंद करून पाय दाबावयाचा आणि मग ते सुरू करावयाचे, ही परीक्षा घरातील कोणासही अर्ध्या मिनिटात करता येते. आम्ही ती आता प्रत्येक प्रवासापूर्वी करतो. पाय किंचित खाली गेला, की आई मागून म्हणते, "चला आता."