प्रवाळ : द्रव्यामागील सजीव

नवरत्नांपैकी मुक्ता आणि प्रवाळ ही दोनच रत्ने सजीवांपासून मिळतात. प्रवाळपिष्टी व प्रवाळभस्म यांची योजना आपण रक्तपित्त, अम्लपित्त, कास इत्यादी व्याधींत नित्य करतो. परंतु हे द्रव्य समुद्रात कसे घडते, याचा विचार क्वचितच होतो. द्रव्यपरीक्षणाच्या दृष्टीनेही तो आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

'प्रवाल' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ कोवळा अंकुर असा आहे. फांद्या फुटलेले त्याचे रूप पाहून युरोपातही त्यास दीर्घकाळ वनस्पतीच मानले जाई. मार्सेय येथील पेसोनेल या वैद्यकाने १७२० च्या दशकात ही 'फुले' म्हणजे प्राणीच आहेत, असे निरीक्षणाने दाखविले. पॅरिसच्या विद्वानांनी ते प्रथम मानले नाही. पुढे मात्र तेच सत्य ठरले.

शास्त्रोक्त रक्तवर्णी प्रवाळ प्रामुख्याने भूमध्य समुद्रात होते. आठ स्पर्शकांचे असंख्य सूक्ष्म जीव एकत्र वसाहत करून राहतात आणि समुद्रजलातील चुना घेऊन मध्यभागी कठीण अक्ष रचतात. हा अक्ष म्हणजेच आपले प्रवाळ. त्यात मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट व काही अंशी मॅग्नेशियम असते. त्याची वाढ अत्यंत मंद असून बुंध्याचा व्यास वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणूनच भूमध्य समुद्रात ५० मीटरहून उथळ पाण्यातील आणि ७ मिलिमीटरहून कमी व्यासाचे प्रवाळ काढण्यास निर्बंध घालण्यात आले. एवढ्या जाडीस पोहोचण्यासच साधारणपणे दोन-तीन दशके लागतात.

आपल्याकडे मालवण, कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथे आढळणारी प्रवाळे बहुतांशी याहून भिन्न आहेत. भित्ती उभारणाऱ्या या प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळास देते. प्रवाळ त्यास आश्रय देते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल मर्यादेपेक्षा एखादा अंशही अधिक काळ चढून राहिले, तर हे साहचर्य तुटते. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्मा लवकर न ओसरल्यास उपासमारीने मरते. १९९८ मध्ये जगभर असे घडले. २०२४ च्या उष्म्यात लक्षद्वीपलाही मोठी झळ बसली. भूमध्य समुद्रातील रक्तप्रवाळात हे शैवाल नसते, त्यामुळे ते अंधाऱ्या कपारींतही वाढते. तथापि १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांत उथळ पाण्यातील त्याच्या वसाहतींचीही हानी झाली.

हा भेद चिकित्सकाने जाणून घेतलाच पाहिजे. भित्ती उभारणारी प्रवाळे, तसेच बासऱ्यांच्या जुडीसारख्या तांबड्या नळ्यांचे प्रवाळ यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यांची विक्री वा वापर करणे हा गुन्हा आहे, मग ते किनाऱ्यावरून वेचलेले का असेना. खरे रक्तप्रवाळ भरीव असून त्यावर उभ्या सूक्ष्म रेषा दिसतात. पृष्ठभागावर जागोजागी ताऱ्यांसारखे खळगे किंवा आत पोकळ नळ्या दिसल्या, तर तो माल स्वीकारू नये. केवळ तांबड्या रंगावर विसंबू नये, कारण रंग चढविताही येतो. चूर्ण झाल्यावर ही परीक्षा शक्य नसते, म्हणून कच्चे द्रव्य अखंड स्वरूपातच घ्यावे आणि त्याच्या उगमाविषयी लेखी खात्री मागावी.

मुक्तेच्या अभावी मुक्ताशुक्ती घ्यावी, अशी सोय आपल्या परंपरेनेच करून ठेवली आहे. दुर्मिळ द्रव्य जपून वापरण्याची ती दृष्टी प्रवाळासही लागू पडते. जेथे योगात प्रवाळच अभिप्रेत आहे, तेथे ते अवश्य द्यावे. परंतु केवळ चुन्याची पूर्ती करण्यासाठी ते सरसकट लिहू नये. खलात पडणारी ती लहानशी फांदी घडविण्यास समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडलेल्या असतात.