रात्रीची भूक दिवसाच आवरावी

सायंकाळी कार्यालय किंवा शाळा सुटते आणि घरी चहाबरोबर शेव-चिवड्याचा डबा उघडतो. साडेनऊच्या सुमारास भरपेट जेवण होते व झोपण्यापूर्वी हात पुन्हा त्याच डब्याकडे वळतो. अनेक घरांत हा क्रम अंगवळणी पडला आहे. त्याचा दोष सहसा जिभेला दिला जातो. वस्तुतः रात्रीच्या या खाण्याचे मूळ बहुधा दिवसाच्या आहारात असते.

सकाळी केवळ चहा-बिस्किटांवर घराबाहेर पडणे आणि दुपारचे जेवण कामाच्या गर्दीत लांबणीवर टाकणे, ही नित्याची बाब आहे. दिवसा न मिळालेले अन्न शरीर सायंकाळी मागून घेते. त्यात शरीराच्या कालचक्राची भर पडते. भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी व रात्री आठच्या सुमारास सर्वाधिक असते, असे अमेरिकेतील एका प्रयोगात २०१३ साली आढळून आले. यावेळी ओढ असते ती गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची. तिसरे कारण जागरणाचे. शिकागो विद्यापीठाच्या २००४ मधील अभ्यासात, दोन रात्री केवळ चार तास झोपलेल्या तरुणांच्या रक्तात भूक वाढविणारे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले, तर तृप्तीचा संकेत देणारे १८ टक्क्यांनी घटले.

हा प्रश्न केवळ वाढत्या वजनाचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत, तर सुमारे १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती त्या उंबरठ्यावर आहेत. अवेळी व तळलेले खाणे हे त्याचे एकमेव कारण नसले, तरी टाळता येण्याजोगे कारण निश्चित आहे.

उपाय साधे आहेत. सकाळच्या न्याहारीत व दुपारच्या जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडे यांपैकी काही अवश्य असावे. प्रथिनांमुळे पोट अधिक काळ भरलेले राहते. सायंकाळचे खाणे वर्ज्य करण्याचे कारण नाही. पाचच्या सुमारास मूठभर फुटाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ, एखादे फळ किंवा ताक घ्यावे. डबा समोर ठेवून न खाता पदार्थ बशीत काढून घ्यावा. रात्रीचे जेवण शक्यतो आठपर्यंत आटोपावे, त्यानंतर दात घासावेत आणि वेळेवर निजावे. रात्री पिकास पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याने भाजी-भाकरी बरोबर न्यावी, म्हणजे वाटेतील वडा-भज्यांवर भिस्त राहणार नाही.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा वैद्यकीय सल्ल्यावाचून बदलू नयेत; त्यांची रक्तशर्करा एकाएकी घसरण्याचा धोका असतो. वारंवार भूक लागण्याबरोबरच अति तहान व रात्री अनेकदा लघवीस उठणे ही लक्षणे असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

या बाबतीत गावातील जाणत्या मंडळींना पुष्कळ करता येईल. ग्रामपंचायतीच्या बैठकीत व शिक्षकांच्या सभेत भजी आणि गोड चहाऐवजी फुटाणे-शेंगदाणे व ताक ठेवले, तर खर्चही फारसा वाढणार नाही. सभेत पडलेली सवय घरी पोहोचते आणि घरातील मुले थोरांचे पाहूनच शिकतात.