निशाणी, उलटतपास आणि वकिलांचा कारकून

पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातला साक्षीदार दिवाळीनंतर गावात सापडेलच असे नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर तो कुठल्यातरी कारखान्यावर गेलेला असतो आणि बेलिफ समन्स घेऊन पोचतो तेव्हा घराला कुलूप असते. अशा वेळी तो यंदा कोणत्या मुकादमाबरोबर गेला आणि परत कधी येणार, ही माहिती ज्याने काढून ठेवलेली असते तो बहुधा वकिलांचा कारकून असतो. अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात साक्षीचा दिवस उजाडण्याआधी त्याचे निम्मे काम होऊन गेलेले असते.

अमेरिकेत साक्ष नोंदवण्याची एक वेगळीच पद्धत आहे. खटला उभा राहण्याआधीच दोन्ही बाजूंचे वकील एखाद्या कार्यालयात बसतात, साक्षीदाराला शपथ दिली जाते आणि प्रश्नोत्तरे शब्दशः टिपली जातात. तिथल्या संघीय नियमांनुसार एका साक्षीदाराला साधारणपणे एक दिवस, सात तास इतकाच वेळ मिळतो. वकिलाशेजारी बसून कागद पुरवणाऱ्या, विसंगती टिपणाऱ्या सहायकाला तिथे पॅरालीगल म्हणतात. त्यासाठी अभ्यासक्रम आहेत आणि तो एक मानाचा व्यवसाय आहे.

आपल्याकडे साक्ष होते ती न्यायाधीशांसमोर. दिवाणी दाव्यात मात्र 2002 च्या दुरुस्तीने मोठा फरक पडला. साक्षीदाराची सरतपासणी आता शपथपत्रावर दाखल होते आणि उलटतपास न्यायालय किंवा न्यायालयाने नेमलेला कमिशनर नोंदवतो. म्हणजे सरतपासाचे सगळे वजन त्या शपथपत्राच्या मसुद्यावर आले. सातबारा कोणत्या सालचा, फेरफार कोणत्या नंबरचा, खरेदीखतातल्या चतुःसीमा मोजणी नकाशाशी जुळतात का, हे सारे आधी ताडून पाहावे लागते. भावाभावांतल्या वाटपाच्या दाव्यात तीस-चाळीस वर्षांचे उतारे निघतात. एका फेरफाराचा आकडा चुकला, तर समोरचा वकील उलटतपासात नेमका तिथेच बोट ठेवतो.

न्यायालयाच्या भाषेत प्रत्येक कागदाला ‘निशाणी’ असते. वकील साक्षीदाराला विचारत असताना निशाणी 27 वरची सही त्याच क्षणी समोर यावी लागते. पाने चाळण्यात दोन मिनिटे गेली की प्रश्नाची धार जाते आणि साक्षीदाराला सावरायला उसंत मिळते. म्हणून जाणता कारकून आदल्या संध्याकाळी फाइल लावतो ती तारखेच्या क्रमाने नव्हे, तर प्रश्नांच्या क्रमाने.

साक्षीदाराने पूर्वी लेखी काही वेगळे सांगितले असेल आणि त्या लेखावरून त्याला खोटे पाडायचे असेल, तर तो नेमका मजकूर आधी त्याच्या नजरेस आणावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 145 होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते 148 झाले. त्या जुन्या जबाबातली नेमकी ओळ शोधून तिथे चिठ्ठी लावून ठेवणे, हे कारकुनाचे किंवा नव्या ज्युनिअरचे काम.

साक्ष मराठीत कशी उतरते, ते पाहण्यासारखे आहे. प्रश्न आणि उत्तर वेगवेगळे सहसा लिहिले जात नाहीत, दोन्ही मिळून एक वाक्य होते. “मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.” हे वाक्य जिल्ह्यातल्या हजारो साक्षींच्या शेवटी सापडेल. ‘सदर जमीन माझ्या ताब्यात नव्हती, हे म्हणणे खरे नाही’ यात एक ‘नाही’ निसटला, तर ताबाच हातचा जातो. साक्ष वाचून दाखवली जाते, मग साक्षीदार सही किंवा अंगठा करतो. तेवढ्या वेळात कान देऊन ऐकणारे आणि चूक लगेच वकिलाच्या कानावर घालणारे माणूस शेजारी हवे. न्यायाधीशांना सांगायचे ते वकिलानेच, कारण 1961 च्या अधिवक्ता कायद्याने न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क फक्त वकिलांना दिला आहे. कारकुनाला तिथे आवाज नाही, पण त्याच्या कानावर बरेच काही अवलंबून असते.

एक रेघ मात्र कधीही ओलांडता येत नाही. “मामा, पिंजऱ्यात उभं राहिल्यावर प्रश्न पूर्ण ऐका, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा,” इतके सांगणे ही तयारी झाली. काय उत्तर द्यायचे ते शिकवणे म्हणजे साक्षीदार पढवणे, आणि पढवलेला साक्षीदार तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला उघडा पडतो.

साक्षीवर किती काय तोललेले असते, हे जिल्ह्याने 2017 च्या नोव्हेंबरात दोन आठवड्यांच्या आत पाहिले. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डी येथील अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 31 साक्षीदार तपासले. 18 नोव्हेंबरला तिन्ही आरोपी दोषी ठरले आणि 29 तारखेला फाशीची शिक्षा झाली. दरम्यान 23 नोव्हेंबरला जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथील दलित विद्यार्थ्याच्या खुनाच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. जिल्हा तोच, पण एका खटल्यात साक्षी टिकल्या आणि दुसऱ्यात ढासळल्या. गावात राहणाऱ्या, त्याच विहिरीवर आणि त्याच शिवारात रोज वावरणाऱ्या साक्षीदाराला कागदी तयारी पुरत नाही. त्याला पाठीशी कोणीतरी उभे असल्याची खात्री लागते. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, ती याच गरजेतून.

पुढचे पाऊल महाराष्ट्रातूनच निघालेल्या एका प्रकरणात पडले. स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात 11 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले. लहान मुलाला आरोपीच्या नजरेसमोर उभे राहून बोलावे लागू नये, हा त्यामागचा विचार. पोक्सो कायद्याखाली तर बचाव पक्षाचे प्रश्न आधी न्यायाधीशांकडे जातात आणि तेच ते मुलाला विचारतात. मुलाच्या सोबतीला सहायक व्यक्ती असू शकते. इथे मदत म्हणजे फाइल लावणे नव्हे. मुलाला आधी ती खोली दाखवून आणणे, पाणी देणे, दमले तर थांबता येते हे सांगणे, अशी ती मदत असते.

गरीब पक्षकारासाठी आणखी एक दुवा आहे: विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक. राष्ट्रीय प्राधिकरणाने 2009 मध्ये ही योजना आणली. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळतो, हे अनेकांना स्वयंसेवकाकडूनच पहिल्यांदा कळते. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

आता फाइलमध्ये मोबाइलही आला आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आणि हॅश मूल्यही लिहावे लागते. आयुष्यभर निशाण्या लावत आलेल्या कारकुनाला हे कोणी शिकवलेले नाही. पुस्ती काढून, चुका करत, वरिष्ठांची बोलणी खात तो आपले काम शिकला. त्याला रीतसर प्रशिक्षण आणि कामाला साजेसा मोबदला मिळायला हवा, ही मागणी अवाजवी नाही. साक्ष बिघडली तर किंमत पक्षकार मोजतो, आणि त्याच्याकडे बऱ्याचदा दीड-दोन एकरांपलीकडे मोजायला काही नसते.

सायंकाळी कोर्ट उठले की कारकून झालेल्या साक्षीच्या नकलेचा अर्ज नक्कल विभागात देतो. डायरीत पुढची तारीख उतरवतो. तिच्याखाली पुढच्या साक्षीदाराचे नाव, मुकादमाचा मोबाइल नंबर आणि कारखाना.