सतरा सप्टेंबरची बातमी आणि तिच्यामागची जमीन

दरवर्षी १७ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो, भाषणातल्या घोषणा आणि एक चौकट: १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा जुलूम संपला. यात खोटं काही नाही. पण संघर्ष कसा संपला तेवढंच त्यातून कळतं. तो पेटला कशामुळे, हे नाही.

बातमीला आधी तारीख लागते. ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, ही बातमी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला, हीही बातमी. पण संस्थानातली सुमारे ४० टक्के जमीन सर्फ-ए-खासमध्ये, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीत, आणि जहागिरींमध्ये होती, हे कोणत्या दिवशी छापायचं? ते कालही तसंच होतं, परवाही. अनेक जहागिरींत सारा वसूल करणारा आणि न्याय देणारा एकच. गाऱ्हाणं मांडायला सभा घ्यावी तर १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी हुकुमाप्रमाणे आधी परवानगी काढायची. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत, तर चौथाईच्या आसपास प्रजा मराठी बोलणारी. असं वर्षानुवर्षं साचत गेलेलं बातमीत मावत नाही.

मग प्रश्न येतो, सांगणार कोण? संस्थानात वृत्तपत्रांची गळचेपी होती, आ. कृ. वाघमारे यांना आपलं ‘मराठवाडा’ हे पत्र १९३८ मध्ये पुण्याहून काढावं लागलं. लष्कराच्या पत्रकात मात्र नळदुर्ग, जालना, औरंगाबाद अशी नावं तयार मिळतात, नकाशाही काढता येतो. त्या नकाशात गाव असतं, गावाचा सातबारा नसतो.

उरलेली जागा शिक्का भरून काढतो: हिंदू विरुद्ध मुसलमान. वेळ वाचतो, मथळाही बसतो. धर्माच्या नावाने जुलूम झाला हे खरंच आहे. पण रझाकारांवर टीका करून जीव गमावणारे शोएबुल्ला या शिक्क्यात बसत नाहीत. तेलंगणातलं सशस्त्र बंडही बसत नाही. निजाम शरण आला तरी देशमुख जमीनदारांविरुद्धचा तो शेतकऱ्यांचा लढा १९५१ पर्यंत चाललाच. भांडण केवळ गादीचं असतं तर १७ सप्टेंबरला मिटलं असतं.

आणि घटना संपली की वार्ताहर परततो. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर झालेल्या हत्यांची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृतांचा, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला. सरकारने तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. सूड कोणत्या जुन्या हिशेबातून उगवला, हे विचारायची वेळ तिथेच टळली.

आजही गडचिरोलीतल्या नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीच्या बातमीत मृतांचा आकडा असतो, डोक्यावरचं बक्षीस असतं. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच जंगलातला बांबू विकायला २०११ उजाडावं लागलं, हे तिथे सापडत नाही. अशी बातमी हाती आली की आधी जमीन कोणाची आणि दाद कुठे मागायची, एवढं तिच्यात शोधून पाहा.

हैदराबादच्या जहागिरी रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. त्याच्यासाठी झेंडावंदन होत नाही.