साउंडबारची पारख

टीव्हीचा पडदा गेल्या पंचवीस वर्षांत जसजसा रुंद होत गेला, तसतशी त्याची पेटी पातळ होत गेली. जुन्या खोक्यासारख्या टीव्हींत प्रेक्षकाकडे तोंड करून बसविलेला स्पीकर असे. आजच्या बोटभर जाडीच्या टीव्हींत त्याला जागाच उरली नाहीं. तो बहुधा खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून बसविलेला असतो. त्यामुळें चित्र डोळे दिपवितें आणि आवाज मात्र डब्यांतून आल्यासारखा वाटतो. ही विसंगति दूर करण्यासाठीं जें उपकरण घरोघर येऊं लागलें आहे, त्याचें नांव साउंडबार. टीव्हीच्या खालीं ठेवावयाची एक लांबट पट्टी, खर्जाच्या स्वरांसाठीं एक निराळी पेटी आणि उंची संचांत पाठीमागें ठेवावयाचे दोन लहान स्पीकर, असा हा सरंजाम असतो.

यवतमाळच्या दत्त चौकाच्या परिसरांत काय, किंवा पुसद-वणीच्या बाजारांत काय, दसरा-दिवाळीच्या सुमारास अशा संचांची आरास दुकानांत मांडलेली दिसते. साधा साउंडबार थोडक्या हजारांत मिळतो. परंतु चहूं बाजूंनीं, इतकेंच नव्हे तर वरूनहि आवाज येईल असें वचन देणारा उंची संच पाऊण लाख, लाख किंवा त्याहूनहि अधिक रुपये मागतो. हा जिल्हा कापसाचा. २०२४-२५ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या हिशेबानें पाऊण लाखाचा साउंडबार म्हणजे दहा क्विंटल कापूस झाला. एवढें मोल देण्यापूर्वीं त्या वचनांतील खरें किती आणि तें आपल्या बैठकींत कितपत खरें ठरेल, याची शहानिशा करणें हें सुजाण गृहस्थाचें कर्तव्य ठरतें.

या शहानिशेचा आरंभ दुकानापासून नव्हे, तर कानापासून करावा लागतो. मनुष्याला दोनच कान असतां आवाजाची दिशा कळते कशी, याचा उलगडा इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यानें १९०७ सालीं केला. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानीं आधीं पोंचतो व उजव्या कानीं किंचित् उशिरां. हा उशीर फार तर एका सेकंदाच्या दहा हजार भागांपैकीं सात भागांइतका असतो. शिवाय तार स्वरांच्या वाटेंत डोकेंच आड येतें आणि दूरच्या कानाला ते मंद ऐकूं येतात. वेळेचा व तीव्रतेचा हा सूक्ष्म फरक जमेस धरून मेंदू दिशा ठरवितो. पुढें १९४९ सालीं जर्मनींतील हेल्मुट हास यानें कानाचा आणखी एक स्वभाव प्रयोगानें दाखविला. एकच आवाज अगदीं थोड्या अंतरानें दोन ठिकाणांहून आला, तर जो आधीं पोंचेल त्याचीच दिशा कान खरी मानतो. मागाहून येणारा पडसाद कांहींसा मोठा असला तरीहि. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण साउंडबारचें सारें यशापयश तिच्यावर अवलंबून आहे.

मराठी चित्रपटाला वाचा फुटली ती १९३२ सालीं, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटानें. त्या काळीं पडद्यामागून एकाच वाटेनें आवाज येई. पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचे शब्द भलतीकडूनच, ही उणीव विलायतेंतील अॅलन ब्लमलाइन या अभियंत्याला खटकली, आणि त्यानें १९३१ च्या डिसेंबरांत दोन वाटांनीं ध्वनि मुद्रित करण्याच्या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. आजचा स्टिरिओ तो हाच. वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया'नें १९४० सालीं कांहीं मोजक्या चित्रगृहांत आवाज प्रेक्षकांभोंवतीं फिरविला. १९९२ सालच्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल ही पद्धति चित्रगृहांत आली. तिच्यांत ध्वनीच्या पांच स्वतंत्र वाटा आणि सहावी केवळ खर्जाची असते. २०१२ सालच्या 'ब्रेव्ह'पासून आलेल्या डॉल्बी अॅटमॉस पद्धतीनें त्यांत उंचीची भर घातली. पाऊस वरून पडावा आणि विमान डोक्यावरून जावें, अशी सोय झाली.

साउंडबारच्या खोक्यावर ५.१.२ किंवा ११.१.४ असे जे आंकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ आतां सहज लागेल. पहिला आंकडा श्रोत्याच्या पातळीवरील ध्वनिवाटांचा, दुसरा खर्जाचा आणि तिसरा उंचीचा. चित्रगृहांत या प्रत्येक वाटेचे स्पीकर भिंतींत व छतांत प्रत्यक्ष बसविलेले असतात. एकट्या साउंडबारला मात्र समोर बसूनच हा देखावा उभा करावयाचा असतो. त्यासाठीं तो कांहीं आवाज बाजूच्या भिंतींवर व कांहीं छतावर फेंकतो. तेथून परतलेला ध्वनि श्रोत्याला कडेनें किंवा वरून आल्याचा भास व्हावा, अशी योजना असते. येथेंच हासचा नियम आडवा येतो. छतावर फेंकलेला आवाज लांबची वाट चालून येतो. तोच आवाज जर पट्टींतून थेट निसटून आधीं कानीं पडला, तर कान पट्टीचीच दिशा धरून बसतो आणि भास मोडतो. म्हणून आवाजाचा झोत अरुंद हवा आणि त्याला परतविणारा पृष्ठभाग कठीण व सपाट हवा. यांपैकीं पहिली गोष्ट कारखानदाराच्या हातीं आहे. दुसरी घर बांधणाऱ्याच्या.

यवतमाळ जिल्ह्यांतील घरांकडे या दृष्टीनें पाहिलें असतां तीन प्रकार दिसतात. नव्या वसाहतींतील स्लॅबचें घर या कामीं सर्वांत अनुकूल. डॉल्बीच्या मार्गदर्शनानुसार छत सपाट असावें व त्याची उंची साडेसात ते बारा फुटांच्या दरम्यान असावी. चौदा फुटांपलीकडे परिणाम ओसरतो. स्लॅबची बहुतेक घरें या मापांत बसतात. दुसरा प्रकार जुन्या वाड्यांचा. तेथें सागवानी तुळयांमुळें छत सपाट राहत नाहीं आणि ध्वनि विखुरतो. तिसरा प्रकार कवेलूंच्या उतरत्या छपराच्या घरांचा. तेथें छतावर फेंकलेला आवाज भलत्याच दिशेला जातो व फटींतून कांहींसा हरवतो. अशा घरांत उंचीच्या आंकड्यासाठीं जादा पैसे मोजणें व्यर्थ होय. बाजूच्या भिंतींचेंहि तसेंच. बैठकीची एक बाजू स्वयंपाकघराकडे उघडी असली किंवा तेथें मोठी खिडकी व जाड पडदा असला, तर त्या बाजूचा भास लंगडा पडतो.

म्हणून उंची साउंडबार घ्यावयाचाच असेल, तर पाठीमागें खरेखुरे स्पीकर देणारा संच श्रेयस्कर. जो आवाज प्रत्यक्ष मागून येतो, त्याला भिंतीच्या कृपेची गरज नसते. सोनोस आर्क किंवा सेनहायझर अँबिओ हे मुळांत एकाच पट्टीचे. त्यांचा भर पडसादावर. सॅमसंगच्या क्यू९९० मालिकेंत मागचे दोन स्पीकर बरोबर येतात. त्यांना बिनतारी म्हणतात तें ध्वनीपुरतेंच. विजेची तार त्यांनाहि लागतेच, तेव्हां सोफ्यामागें प्लग आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. जेबीएल बार १००० या संचांत मागचे स्पीकर पट्टीच्या टोकांपासून सुटे होतात व बॅटरीवर चालतात. ही सोय जुन्या घरांना मानवणारी आहे.

दुकानांतील परीक्षा बहुधा स्फोटांच्या व गडगडाटाच्या दृश्यानें होते. ती फसवी असते, कारण मोठा आवाज कानाला नेहमींच चांगला वाटतो. पहिली खरी परीक्षा बोलण्याची. आवाज बेताचा ठेवून मराठी बातम्या लावाव्यात आणि 'सात' व 'साठ', 'पत' व 'फत' यांतील भेद स्पष्ट होतो कां, हें पाहावें. स, श, फ, ठ या व्यंजनांतील ओळख पटविणारा अंश तार स्वरांचा व दुबळा असतो, आणि उतार वयांत प्रथम नाहींशी होते ती तार स्वर ऐकण्याचीच शक्ति. ज्या घरांत वडीलधारी माणसें टीव्हीचा आवाज वाढवितात आणि मुलें तो कमी करतात, त्या घरांत मधल्या वाटेवरील संवाद स्वतंत्रपणें उठावदार करणारा साउंडबार रोजचा तंटा मिटवूं शकतो. ही सोय अनेक स्वस्त संचांतहि असते.

दुसरी परीक्षा संगीताची. 'सैराट' (२०१६) या चित्रपटाचें संगीत अमेरिकेंतील सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदासह मुद्रित झालें आहे. तसा परिचयाचा तुकडा लावून वाद्यें अलग ऐकूं येतात, कीं सारा मेळ एका गोळ्यांत मिसळतो, हें पारखावें. खर्ज ढोलाचा ठोका द्यावा तसा उमटून थांबला पाहिजे. नुसता घुमत राहिला तर तो दोष समजावा. तिसरी परीक्षा खोलीची. रिकाम्या बैठकींत एक टाळी वाजवावी. टाळीमागें झणझणाट उमटला, तर फरशी व नुसत्या भिंती आवाज गढूळ करणार. एक जाड सतरंजी व भरलेलें पुस्तकांचें कपाट तेथें मोठा गुण देतात.

विदर्भांत चौथीहि एक परीक्षा आहे, ती उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्यें बैठकींत कूलर अखंड घरघरत असतो, आणि ज्या कुजबुजीसाठीं व पानांच्या सळसळीसाठीं लाख रुपये मोजले, ती त्या घरघरींत बुडून जाते. अशा वेळीं मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलणारा 'नाईट मोड' उपयोगी पडतो. कूलरवर मात करण्यासाठीं आवाज चढविणें मात्र शहाणपणाचें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांपलीकडे ऐकणें कानाला धोक्याचें आहे. शेजाऱ्याचाहि विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि खर्ज भिंत ओलांडून जाण्यांत पटाईत असतो.

वॅटच्या आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाहीं. तो केवळ ३ डेसिबलनें वाढतो. आवाज दुपटीनें मोठा भासावयास सुमारें दहापट शक्ति लागते. तारेची चौकशी मात्र अवश्य करावी. जुन्या ऑप्टिकल तारेंतून अॅटमॉसचा ध्वनि जात नाहीं. त्यासाठीं टीव्हीला एच.डी.एम.आय. ए.आर.सी. किंवा ई.ए.आर.सी. चें छिद्र लागतें. शिवाय मूळ कार्यक्रमांतच तो ध्वनि असावा लागतो. बातम्या, नित्याच्या मालिका व जुने बोलपट यांत तो नसतो. तेथें साउंडबार पदरचा विस्तार करतो, एवढेंच.

या सर्वांचा निष्कर्ष असा. स्लॅबची, बेताच्या आकाराची, बंद दाराची बैठक आणि नव्या चित्रपटांची खरी आवड, या दोन्ही गोष्टी ज्या घरीं आहेत, त्यानें मागच्या स्पीकरांसह उंची संच घरीं आणून ऐकविण्याची अट दुकानदारास घालावी व मगच पैसे द्यावेत. कवेलूंच्या किंवा मोकळ्या घरांत स्टिरिओचे दोन चांगले स्पीकर कमी पैशांत अधिक सुख देतील. आणि ज्या घरीं तक्रार एवढीच आहे कीं आजोबांना बातम्या समजत नाहींत, तेथें संवाद उठावदार करणारी साधी पट्टी पुरेशी आहे. उरलेल्या रकमेंतून त्यांचे कान तज्ज्ञाकडून एकदां तपासून घ्यावेत.