डॉकरचं पोर्ट आणि फायरवॉलचा भरवसा

डॉकर शिकणाऱ्याला पहिली ठेच बहुधा लोकलहोस्टवर लागते. वेब ॲपच्या कंटेनरमध्ये डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ लिहायचा आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ वाचत बसायचं. मशीन एकच असलं, तरी प्रत्येक कंटेनरला एरवी स्वतःची नेटवर्क नेमस्पेस मिळते. त्यामुळे कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. शेजारच्या पोस्टग्रेस डेटाबेसला नावानंच हाक मारावी लागते.

काही जण त्याऐवजी १७२.१७.०.३ असा आयपी शोधून कॉन्फिगमध्ये टाकतात. तो कायमचा नसतो; कंटेनर काढून पुन्हा उभा केला की बदलू शकतो. नावाची सोय मूळच्या ब्रिज नेटवर्कवर मिळत नाही. आपण तयार केलेल्या नेटवर्कवर मात्र डॉकरचा डीएनएस १२७.०.०.११ या पत्त्यावर उत्तरं देतो. कंपोज असं नेटवर्क आपणहून बनवतं, म्हणून तिथे सर्व्हिसचं नाव लिहिलं की काम होतं.

डॉकरफाइलमधल्या ‘एक्स्पोज’नं पोर्ट बाहेर उघडत नाही. ती नुसती नोंद आहे.

खरा घातक समज पुढचा आहे: ‘उबुंटूवर यूएफडब्ल्यू फायरवॉलनं पोर्ट बंद केलंय, आता डेटाबेस सुरक्षित.’ कंपोज फाइलमध्ये ‘पोर्ट्स’खाली ५४३२:५४३२ लिहिलं की डॉकर ते पोर्ट मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, म्हणजे ०.०.०.० वर उघडतं आणि आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतं. बाहेरून आलेलं पॅकेट नॅटमध्येच कंटेनरकडे वळवलं जातं आणि फॉरवर्डच्या वाटेनं पुढे जातं. यूएफडब्ल्यूचा पहारा असतो इनपुटच्या वाटेवर. पॅकेट तिथून जातच नाही. स्टेटसमध्ये ‘डिनाय’ दिसत राहतं, आणि पुढे क्लाउडची वेगळी फायरवॉल नसेल तर डेटाबेस साऱ्या इंटरनेटला उघडा असतो. हे डॉकरच्या दस्तऐवजातही लिहिलेलं आहे; तरी ते वाचायची वेळ बहुतेकांवर उशिराच येते.

मुळात एकाच नेटवर्कवरच्या कंटेनरना एकमेकांशी बोलायला पोर्ट पब्लिश करावंच लागत नाही. त्याच मशीनवरून डेटाबेस पाहायचा असेल, तर १२७.०.०.१:५४३२:५४३२ असं लिहावं. ठरावीक पत्त्यांनाच वाट द्यायची असेल, तर नियम आयपीटेबल्सच्या ‘डॉकर-यूझर’ या साखळीत घालावेत.

आज आपल्या सर्व्हरवर ‘डॉकर पीएस’ चालवून पोर्टचा रकाना बघा. डेटाबेससमोर ०.०.०.० दिसलं, तर कंपोज फाइलमधली ‘पोर्ट्स’ची ओळ लगेच बदला. बदलल्यावर कंटेनर नव्यानं उभा करा. नुसत्या रीस्टार्टनं जुनंच पोर्ट उघडं राहतं.